देवमाशाच्या पोटातला बाबा

देवमासा मीच करतो, असं मी बायकोला म्हणालो आणि तिथेच फसलो.

बायको सुट्टीच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये आजूबाजूच्या मुलांचा वाचनाचा तास घेते. या वेळी विषय होता समुद्र. सोफ्यावर निळी चादर, कपडे भिजवायच्या टबात कागदी मासे, आणि एक पान मोठ्याने वाचलं की एक मासा आपला. ही सगळी उठाठेव खरं तर आमच्या लेकीसाठी होती. ती मनातल्या मनात पुस्तकांचा फडशा पाडते, पण मोठ्याने वाच म्हटलं की तोंडाला कुलूप. दुसऱ्याच दिवशी तिला वर्गासमोर वाचायचं होतं. बायकोची जेवणावरची वासना उडाली होती. माझीही उडाली होती (दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत).

मी एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. आमच्याकडून गेलेलं खोकं गिऱ्हाइकाला सहजासहजी उघडत नाही, अशी आमची ख्याती आहे (निदान तक्रारींवरून तरी). फ्रिजची दोन मोठी खोकी जोडून मी देवमासा उभा केला आणि त्याला आतून जाड फोम लावला. देवमासा आतून हलवायचा म्हणून मुलं यायच्या आधी आत शिरलो आणि हाताच्या सवयीने एकूण एक सांध्यावर आतून चिकटपट्टी मारली. तीही दुहेरी. काम फत्ते झाल्यावर लक्षात आलं, की कटर बाहेर टेबलावर राहिलाय.

मुलं जमली. मी आतून हाका मारल्या, पण फोममधून नुसता घुमल्यासारखा आवाज बाहेर पडे आणि मुलं खूश होऊन टाळ्या पिटत. लाथा झाडल्या तेव्हा टाळ्या वाढल्या. नवरा कधी नव्हे तो मन लावून काम करतोय, असं बायकोला वाटत होतं (हे तिनेच नंतर सांगितलं). श्वासापुरतं डोक्यावर एक भोक होतं, म्हणून वाचलो.

तेवढ्यात लेकीचा आवाज आला. "आई, बाबा घाबरलाय. मी त्याला वाचून दाखवते."

ती खोक्याला टेकून बसली असावी. पहिल्याच वाक्यात अडखळली. मी लगेच आतून दुरुस्ती सांगितली. बाहेर नुसतं "हूंऽऽ" गेलं. ती पुढे गेली. दुसरी चूक, दुसरी दुरुस्ती, पुन्हा "हूंऽऽ". ती आपली वाचतच राहिली. पान संपलं, दुसरं लागलं, आणि हळूहळू तिचा आवाज असा मोकळा झाला, की मी दुरुस्त्या विसरून ऐकत बसलो. डोळ्यांत पाणी आलं. ते घामाचं नव्हतं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

पुस्तक संपल्यावरही मी बाहेर येईना, तेव्हा बायकोने कटर चालवला. केसांत फोम आणि शर्टाला चिकटपट्टी अशा थाटात मी बाहेर आलो. बायको हसत होती आणि डोळेही पुसत होती. मी लेकीला उचलून घेतलं आणि जरा ऐटीतच विचारलं, "बाबासाठी वाचलंस ना?"

"हो," ती म्हणाली. "तू आत होतास ना, म्हणून जमलं. बाहेर असलास की एक ओळ पुरी करू देत नाहीस."

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने न अडखळता वाचलं. देवमासा मात्र बायकोने फेकू दिला नाही. संध्याकाळी लेकीची वाचायची वेळ झाली की बायको त्याच्याकडे नुसतं बोट दाखवते. मी मुकाट्याने आत शिरतो. चिकटपट्टी आता ती बाहेरून लावते.