गजूकाकांचं थंडीचं घर

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे सहाच्या सुमाराला, आमच्या दारावर थाप पडायची. दार उघडावं तर बाहेर गजूकाका उभे. डोक्यावर कानटोपी, गळ्यात मफलर, त्या मफलरवर आणखी एक मफलर.

"टीचर, बाळ उठला का? पेंढा न्यायचा हाय."

बाळ म्हणजे बाळ येशू. भिवंडीतल्या आमच्या चाळीत ख्रिस्ती घर एकच, माझं आणि आईचं. चर्चमध्ये मिस्साला आम्ही कशेळीच्या पुलावरून ठाण्याला जायचो, पण नाताळचा गोठा मात्र घरी मांडायचो. मातीची गाय, मातीचं गाढव, मरिया, योसेफ आणि मधोमध पेंढ्यावर बाळ. हा पेंढा दरवर्षी गजूकाकाच आणून द्यायचे, गणेशपुरीच्या अलीकडच्या त्यांच्या गावाहून, एसटीच्या टपावर टाकून. आणून द्यायचे आणि सहा दिवसांनी परत मागायला यायचे.

आई आतून ओरडायची, "अहो गजानन, अजून बाळाला बघायला तीन राजे यायचेत. सहा जानेवारीपर्यंत गोठ्याला हात लावायचा नसतो. किती वर्षं सांगतेय!"

"राजे काय पेंढ्यावर बसनार, मावशी? राजे हायत ते. सतरंजी मागतील."

"सहा तारखेला या."

"येतो. पन नंबर लावून ठेवला, ध्यानात असू दे."

रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून यावं तसा हा माणूस देवाच्या बिछान्याला नंबर लावून जायचा. पेंढा काय, डिसेंबरात भिवंडीच्या चहूबाजूला रचून ठेवलेला असतो, हवा तेवढा घ्यावा. पण नाही. "त्याच्यावर तुमचा देव निजलाय, टीचर. ऊब धरलीय त्यानं. बायच्या अंथरुणाखाली तोच पायजे." बाय म्हणजे त्यांची बहीण. माझ्या धर्माच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा पक्के होते.

गजानन म्हात्रे हे एका पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर. लूम अडला की तो उघडायचा, ठोकायचा, पुन्हा चालता करायचा. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा तिसऱ्या खोलीत ऐकू यायची. लग्न केलं नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीनं वाढवलं. ही बहीण, पार्वतीबाय, तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. गावातल्या घरात ती एकटी, सोबतीला दोन-चार शेळ्या; भिवंडीतल्या खोलीत हे एकटे. वर्षातून एकदा, भाताची झोडणी आटोपली की बाय आठ दिवस राहायला यायची, आणि त्या आठ दिवसांसाठी गजूकाका आपल्या खोलीचं जे करायचे त्याला ते म्हणायचे थंडीचं घर.

आता भिवंडीची थंडी ती काय! पहाटे खाडीवरून जरा गार वारा येतो, नऊ वाजता पंखा लागतो. पण गजूकाकांपुढे असं म्हणायची सोय नव्हती. "तुला काय कळतंय, टीचर? हाडात शिरते ही. बायचं वय झालंय."

हे प्रकरण सुरू झालं ते बायच्या एका वाक्यावरून. पहिल्यांदा ती आली तेव्हा सहज म्हणाली, "गजा, हा बलब डोल्यांत जातो रं." झालं. पुढच्या वर्षी बल्ब काढून कंदील टांगला. त्या वर्षी ती म्हणाली, "भिंत गार लागते." मग पुढच्या वर्षी ऑइलपेंटच्या निळ्या भिंतींपुढे कारवीच्या काठ्यांचे कूड उभे राहिले, थेट गावच्या घरासारखे. मग फरशी टोचली. मग स्टोव्हचा वास आला. बाय जे जे बोलेल ते गजूकाका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचे आणि वर्षभर त्याचा विचार करायचे. शेडमध्ये तयार कापड तपासतात, त्यात तार तुटलेली दिसली की तागा बाजूला टाकतात, हे त्यांना ठाऊक. म्हणून त्यांचं ठरलेलं वाक्य, "यंदा माल पास करून दाखवतो."

आणि माल दरवर्षी नापास व्हायचा. बाय आठ दिवस म्हणून यायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाठोडं बांधून चालू लागायची.

मी सांगते त्या वर्षी मात्र खेळ राहिला नव्हता. श्रावणात बाय विहिरीच्या पायरीवर घसरली. पाय मुरगळला, उठता येईना. दुपारभर तिथेच पडून होती. संध्याकाळी एक गुराखी पाण्याला आला म्हणून कळलं. गजूकाकांना ही बातमी चार दिवसांनी मिळाली. त्या दिवशी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चार दिवस, टीचर. ती पडलेली आनि मी हितं लूम ठोकतोय." मग म्हणाले, "यंदा तिला परत जाऊ देनार न्हाय. घरच असं करतो की तिचा पाय निघनार न्हाय."

मी शाळेत पोरांना शिकवते, जिद्द काय असते ते धड्यांत वाचून दाखवते. प्रत्यक्षात पाहिली ती त्या डिसेंबरात.

शहाबादी फरशीवर सारवण टिकत नाही. आदल्या वर्षी त्याचे पापड होऊन उडाले होते. यंदा त्यांनी आधी गोणपाट अंथरले, त्यावर भाताचा तूस मिसळलेल्या लाल मातीचा थर दिला, तो धोपटला, वाळवला आणि वरून शेणानं सारवलं. लूमचे जुने लाकडी धोटे भिंतीला ठोकून त्यांच्या खुंट्या केल्या. दारावर भाताच्या लोंब्यांचं तोरण बांधलं. स्टोव्ह हद्दपार झाला, मातीची चूल आली. ड्युटीवरून आले की रात्री आठपर्यंत ठोकाठोक. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मला वह्या तपासायच्या आहेत हो!" तर म्हणाले, "तू तपास ना. मी कुठं तुला नको म्हनतोय?"

शेणाचा वास चाळभर पसरल्यावर चाळीचे मालक, म्हातारे चाचा, काठी टेकत आले. दारात उभे राहून त्यांनी कूड पाहिला, चूल पाहिली, जमीन पाहिली.

"गजूभाई, हमने कमरा किराये पे दिया था. ये तबेला किसने बनाया?"

"चाचा, मेरी बहन आ रही है. इस बार रहने को."

चाचा दोन पावलं आत आले. मग काठीनं जमीन टोकरून म्हणाले, "उधर कोने में थोडा कच्चा है. ठीक कर लो." आणि निघून गेले.

एवढं सगळं झालं आणि अडलं ते पेंढ्यावर. झोडणी लवकर उरकली होती. बाय तीस तारखेला येणार असा निरोप आला. राजे यायचे सहाला. गजूकाका सव्वीसला आले, सत्तावीसला आले, अठ्ठावीसला त्यांनी आईच्या समोर बसकणच मारली.

"मावशी, देवालाच इचारा की. बाळ न्हाय म्हनत असला तर मी उठतो."

आई माझी खमकी. पण श्रावणातली गोष्ट तिलाही माहीत होती. "आणि माझ्या बाळाखाली काय घालू? उघड्या पाटावर निजवू?"

गजूकाका उठले आणि तासाभरात शेडमधून पोतंभर सूत घेऊन आले. लूमवर तुटून पडलेलं, रंगीबेरंगी, गुंतवळ झालेलं टाकाऊ सूत. ते त्यांनी स्वतः बाळाखाली नीट पसरलं, चारी बाजूंनी दाबून बघितलं. त्या वर्षी आमच्या येशूनं लाल, हिरव्या आणि जांभळ्या सुताच्या गादीवर राजांची वाट पाहिली. आई आठवडाभर क्षमा मागत जपमाळ ओढत होती, पण मधूनच म्हणायची, "मऊ मात्र आहे हो."

तीसला बाय आली. काटकुळी, पाय किंचित ओढत चालणारी, डोक्यावर वालाचं नि तांदळाचं गाठोडं. मी मुद्दाम बघायला गेले. तिनं कुडावर टिचकी मारली. जमिनीवर बसून सारवणावरून तळवा फिरवला. गोधडीचं टोक उचलून पेंढ्याचा वास घेतला.

"आपल्याच शेताचा हाय," ती म्हणाली.

गजूकाका परीक्षेच्या निकालाला उभ्या पोरासारखे खुंटीला धरून उभे. "आनि काय, बाय? काय कमी हाय? बोल."

"काय न्हाय रं. झ्याक हाय सगला."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर गजूकाकांनी अख्ख्या चाळीला ऐकवलं की माल पास झाला. दोन दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. बाजारातून बोंबील आणले, कंदिलाची काच दोनदा पुसली, मला म्हणाले, "तिला इथली शाळा दाखव कवातरी." साठीच्या बाईला शाळा कशाला दाखवायची ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला बाय आमच्या दारात. काखेत गाठोडं.

"निघते गं टीचर. तो ड्युटीवर हाय तवर गेलेलं बरं. समोर असला की तोंड पाडून बसतो."

माझं डोकंच फिरलं. एरवी मी थोरांशी असं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "बाय, काय कमी केलं हो त्यांनी? महिनाभर राबले ते. परत विहिरीवर पडलात तर कोण आहे तिथे? त्या माणसाला किती दमवाल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. उलट तिच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं, त्याचाच मला जास्त राग आला.

"अगं, कमी कुठं हाय? भरलेलं घर हाय माझ्या भावाचं. चूल हाय, गोधडी हाय, कुडाची ऊब हाय. दरसाल येते, बघते, डोलं निवतात. म्हनते, पोर सुखात हाय, माझी काय गरज न्हाय आता. म्हनून तर निर्धास्त जाते. मी म्हातारी हितं कशाला अडचन करू?"

मला क्षणभर समजेचना. मग समजलं. बायला वाटत होतं की तिचा भाऊ वर्षभर असाच राहतो.

"बाय," मी म्हटलं, "तुम्ही गेलात की त्याच संध्याकाळी ते हे सगळं उतरवतात. कूड गुंडाळून माळ्यावर. माती खरवडून, फरशी धुऊन. एकट्यासाठी कशाला, म्हणतात."

"मग ऱ्हातो कसा?"

तिला मी आत नेलं. दरवर्षी डिसेंबर लागला की गजूकाका आपलं नेहमीचं सामान आमच्याकडे आणून ठेवायचे, थंडीच्या घरात ते शोभत नाही म्हणून. आमच्या मोरीशेजारच्या कोपऱ्यात ते उभं होतं. दुमडलेली लोखंडी खाट. एक पत्र्याची पेटी. पेटीवर अल्युमिनियमचं ताट आणि पेला.

"हे त्यांचं घर," मी म्हटलं. "जेवतात खानावळीत. तब्येत बरी नसली की या ताटात आई काहीतरी वाढून देते."

बायनं ताट उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. पेटीच्या मागे डोकावली. खाटेखाली पाहिलं.

"ताट येकच हाय?"

"एकच."

तिनं ताट पदरानं पुसलं, पेला त्यावर उपडा घातला आणि दोन्ही घेऊन गजूकाकांच्या खोलीत परत गेली. गाठोडं आमच्याच दारात राहिलं. आईनं ते नंतर नेऊन दिलं.

साडेतीनला गजूकाका शिफ्टवरून आले. मी घरी बसून वह्या तपासत होते असं म्हणायची सोय नाही. मी दारातच उभी होते. नऊ वर्षं मी या माणसाच्या थंडीच्या घराला हसले होते, शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्याच्या गोष्टी सांगून चहा उकळला होता, आणि आज त्याच घरावर माझे डोळे लागले होते.

चूल पेटलेली होती. बाय ताटात भात वाढत होती.

"पाय धू आनि बस," ती म्हणाली. "उद्या सुट्टी टाक. गावाला जायाचं हाय."

गजूकाकांचा चेहरा उतरला. "चाललीस?"

"दोघं जायाचं हाय. माझी भांडी आनायची हायत, ताटं आनायची हायत. आनि शेल्या कोनाला द्यायच्या ते ठरवायला पायजे. मी हितं ऱ्हायला आल्यावर त्यांना तिकडं कोन बघनार?"

गजूकाकांनी एक चप्पल काढली होती. दुसरी काढायचं ते विसरले. तसेच उंबऱ्यात खाली बसले आणि पन्नाशीचा तो माणूस, सगळ्या चाळीदेखत, तोंड हातांत घेऊन रडायला लागला. मीही रडले, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

बायनं पळी खाली ठेवली. लंगडत दारापर्यंत आली आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"रडतोस कशाला?" ती म्हणाली. "शेल्या द्यायच्या म्हनलं मी. तुला न्हाय कोनाला देत."