भिंतीतलं ‘या’

त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. आभाळ पार खाली उतरलेलं, आणि धुकं असं की हात लांब केला तर आपलीच बोटं परक्याची वाटावीत. धक्क्याला जहाज लागलं होतं म्हणे. म्हणे अशासाठी, की दिसत होतं ते नुसतं त्याचं काळं पोट. वरचं सगळं धुक्याने गिळलेलं. त्या पोटाला एक दार होतं आणि त्या दारातून माणसं एकामागून एक आत जात होती.

चावीआजोबा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “अगं, सगळे आतच जातायत. बाहेर एकही येत नाही.”

“अहो, जहाज अजून सुटलं नाही. बाहेर कोण कशाला येईल?” आजी म्हणाल्या.

बरोबर होतं. आजींचं नेहमी बरोबरच असायचं. (त्यामुळे घरात बोलायला विषय कमी.)

चावीआजोबांचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात, किल्ल्या घासण्यात आणि लोकांची अडकलेली दारं उघडण्यात गेला. त्या धंद्याने त्यांना एक सवय लावली होती. कुठलंही दार ओढून घेतलं की कुलूप तीनदा हिसडून बघायचं, आणि दाराला सांगायचं, “येतो हं.” निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे तर आपल्याला सगळ्यांनाच आईने शिकवलेलं असतं, पण आपण ते माणसांना म्हणतो. आजोबा रिकाम्या खोलीलाही म्हणायचे.

घर बंद करतानाही म्हणाले होते. आजी फणकारल्या, “घराला काय कान आहेत?”

“भिंतीला असतात की,” आजोबा म्हणाले.

आता खरी चूक कुठे झाली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी जहाजाच्या सहलीला जाणार असेल तर उपयोगी पडेल. सहल लेकीने दिली होती. आईने आयुष्यात समुद्र पाहिला नाही, गुडघे चालतायत तोवर बघून येऊ दे, असं तिचं म्हणणं. तिकिटाच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, “खोली खिडकीची देऊ का आतली?”

“आतली,” आजोबा ताबडतोब म्हणाले. “खिडकी म्हणजे चोराची वाट.”

“आजोबा, भर समुद्रात चोर कुठून येणार?”

“पोहत.”

बाईंनी आतली खोली लिहून टाकली. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: खिडकी घ्या. चोर आला तर येऊ दे, निदान सोबत होईल.

कारण आतली खोली म्हणजे काय, हे आजोबांना खोलीत शिरल्यावर कळलं. दिवा मालवला की भर दुपारी अमावास्या. डोळे उघडे आहेत का मिटलेत हे हात लावून बघावं लागे. जमिनीखालून काहीतरी सतत घुमत होतं, म्हातारं जनावर झोपेत घुमतं तसं. कपाटात रिकामे हँगर आपापसांत टिणटिण करत. भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा, आणि दाराला कुलूपच नाही! एक पत्त्यासारखं कार्ड दिलेलं. ते टेकवलं की दार उघडतं.

“याला भोकच नाही,” आजोबा दाराभोवती फिरत म्हणाले. “ज्या दाराला किल्लीचं भोक नाही त्याचा भरवसा काय धरायचा?”

“आता दाराची सोयरीक जुळवत बसू नका. जेवायला चला,” म्हणून आजी पुढे झाल्यासुद्धा. त्यांना कानाने जरा कमी, पण पायाने उत्साह दांडगा.

आजोबांनी दार तीनदा ओढून पाहिलं. मग पुन्हा उघडलं, अंधारात डोकं घातलं आणि सवयीने म्हणाले, “येतो हं.”

आरशातून आवाज आला, “या.”

हलका, थकलेला आवाज. आजोबा तसेच उभे राहिले. हँगर टिणटिणले. आरशात दारातला उजेड आणि त्या उजेडात त्यांचं स्वतःचं डोकं, बाकी काही नाही. दार ओढून घेऊन ते निघाले. सगळी दारं सारखी, सगळे दिवे सारखे, गालिचा असा जाड की आपलीच पावलं ऐकू येईनात. आजी कुठल्या वळणाला गेल्या ते कळेना. धापा टाकत एकदाचे जेवणाच्या दालनात पोचले तर त्या ताट भरून बसलेल्या.

“कुणी बोलावलं का मला?” आजोबांनी विचारलं.

“मी बोलावतेय केव्हापासून. बसा.”

(इथे दुसरी गोष्ट. जेवण मांडून ठेवलेलं असतं आणि कोणी हात धरत नाही म्हणून पहिल्याच दिवशी तुटून पडू नका. जहाज हलतं. पोटातलंही हलतं. या चुकीने एका भल्या माणसाची सहल खाटेवर गेली; तो पुढे येईलच.)

जेवून परत आले तेव्हा खोलीत कोणीतरी येऊन गेलेलं होतं. अंथरूण ताणून सरळ केलेलं. आजोबांच्या चपला जुळवून ठेवलेल्या, तोंड दाराकडे. जसं काही ‘निघा आता’. आणि पलंगाच्या मधोमध एक पांढरंफटक जनावर बसलेलं. लांब कान, हात मांडीवर, आणि डोळ्यांवर आजोबांचा चष्मा. ते दाराकडेच बघत होतं.

आजोबा एक पाऊल मागे सरले. आजी मात्र टाळ्या पिटून हसल्या. “अगंबाई! टॉवेलचा ससा! सफाईवाली करते म्हणे असं, पाहुण्यांची गंमत म्हणून.”

“पण माझा चष्मा का?”

“सशाला लांबचं दिसत नसेल.”

दुसऱ्या दिवशी सफाईवाली सापडली तेव्हा आजोबांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, या आरशामागे काय आहे गं?”

“मागे? ते बंद असतं आजोबा.”

“कायमचं?”

“आता तर बंदच. उघडायची वेळ आली की उघडतात,” असं म्हणून ती बादली घेऊन निघून गेली.

त्या दिवशी जहाजाचा भोंगा धुक्यात सारखा रडत होता. जेवायला निघताना आजोबांनी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. दार ओढलं. तीनदा हिसडलं. चार पावलं पुढे गेले. पण जन्माची सवय ती, जीव तळमळायला लागला. परत फिरले, दार किलकिलं केलं आणि अगदी कानात सांगावं तसं म्हणाले, “येतो.”

“या,” आरसा म्हणाला. थोडा वेळ नुसती घरघर. मग तोच आवाज, झोपेतून आल्यासारखा: “पुढचे कोण?”

पुढचे कोण, म्हणजे काय ते या वयाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गल्लीतले एकेक जण जायला लागतात, तेव्हा प्रत्येकाच्या मनात तेच असतं. आजोबांनी मागे वळून पाहिलं. बोळातून आजी चालल्या होत्या, गुडघा जपत, तरीही लगबगीने. आज जहाजाच्या टोकाला उभं राहून समुद्र बघायचा होता त्यांना. पाठमोऱ्या, छोट्याशा.

आजोबा अंधाराकडे वळले. म्हणाले, “मी. मी आहे पुढचा. तिला मध्ये घेऊ नका. आधी माझा नंबर.”

आरसा म्हणाला, “बरं. बसा तिकडे. नंबर आला की बोलावतो.”

त्यानंतर आजोबांना जहाजावर काही गोड लागलं नाही. लोक नाचत होते, पत्ते खेळत होते, पोहत होते; आजोबा आपले बोलावण्याची वाट बघत. मरणाचं त्यांना फार वाटत नव्हतं. वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. घराच्या दाराचं कुलूप! ते जुनं होतं, खोडकर होतं, आणि ते उघडायची खुबी फक्त आजोबांच्या बोटांत होती. आपण गेलो तर ही बिचारी परत जाऊन स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहील. लेकीची सहल, समुद्र, सगळं बघून शेवटी उंबऱ्यावर बसून राहील.

जहाजाच्या टोकाशी बाकावर बसून त्यांनी विषय काढला. “अगं, एक सांगून ठेवतो. किल्ली घातली की आधी केसभर मागे ओढायची. मग वर दाबायची. मग फिरवायची.”

“कसली किल्ली? तो बघा मासा उडाला!”

“घराची. लक्षात ठेव. मागे, वर, मग गोल.”

“आणि तुम्ही कुठे निघालात?”

“कुठे नाही. आपलं सांगून ठेवतो.”

आजींनी पदर सावरला आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “अहो, मी तर किल्ली लावतच नाही. कमरेने एक ढुशी देते, उघडतं. कितीतरी वर्षं.”

(मरायला निघालेल्या माणसाला काही गोष्टी सांगू नयेत, त्यातली ही एक.)

सहलीच्या शेवटच्या संध्याकाळी जहाजावर एक पद्धत असते. सामान बांधून खोलीबाहेर ठेवायचं. ते आधीच खाली नेतात आणि उतरल्यावर धक्क्यावर देतात. तेव्हा तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: सकाळी अंगावर घालायचे कपडे मागे ठेवा. आजींनी ठेवले. आजोबांनाही बजावलं. पण आजोबांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. आता आपल्याला कपडे कशाला? शर्ट, पॅन्ट, बूट सगळं त्यांनी जपून घडी घालून बॅगेत ठेवलं, लेकीच्या घरी जावयाला होतील म्हणून. अंगावर राहिली बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. बॅग बाहेर गेली. बॅगेला काय, ती गेली.

सकाळी आजींनी दिवा लावला आणि त्यांना बघितलं.

“पॅन्ट?”

“बॅगेत.”

“आणि बॅग?”

“गेली पुढे.”

“तुमच्या डोक्याला तरी कुलूप घातलंत का कधी? का तेही सताड उघडं?” आजी म्हणाल्या आणि कोणाकडे काही मागता येतं का बघायला तावातावाने बाहेर पडल्या. दार आपटलं. भिंतीतल्या भोंग्यातून कोणीतरी खरखरत्या आवाजात उतरायच्या मजल्यांचे नंबर पुकारायला लागलं. आजोबा पलंगावर बसले. चपला समोरच होत्या, दाराकडे तोंड करून.

आणि आरशामागून अगदी स्पष्ट आवाज आला, “चला! आला नंबर!”

आजोबा उठले. टॉवेल कमरेला गुंडाळला, हात जोडले आणि आरशासमोर जाऊन उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द आला, “जातो.”

आरसा हलला. आधी एका बाजूला काळी फट पडली, मग त्यांचं प्रतिबिंब तिरकं होत होत भिंतीत गेलं, आणि तिथे दुसरा म्हातारा उभा राहिला. तोच बांधा, तेच टक्कल. पण याला मिशा होत्या, आणि अंगात कोट, पॅन्ट, पायात चकचकीत बूट. आजोबांच्या मनात आलं, वर नेताना कपडे देतात वाटतं.

दुसरा म्हातारा मात्र किंचाळला. “अरे देवा! आलात का शेवटी!”

“तुम्हीच बोलावलंत ना?” आजोबा म्हणाले.

“मी? रोज भिंतीतून ‘येतो, येतो’ म्हणून कोण सांगत होतं? पहिल्या दिवशी जास्त खाल्लं, तेव्हापासून खाटेवर पडलोय. वाटलं, चला, कोणी भेटायला येतंय. दोन कप मांडून बसायचो! कोणी यायचं नाही. मग वाटायला लागलं, हा येणारा काही चहाला येत नाही, न्यायलाच येतोय.”

“आणि ‘पुढचे कोण’ कोण म्हणत होतं?”

म्हातारा ओशाळला. “दवाखान्यात कंपाउंडर होतो. डोळा लागला असताना कोणी बोललं की तोंडातून आपोआप निघतं. आणि तुम्ही नंबर मागितलात, मी बसा म्हटलं. आत्ता ‘आला नंबर’ म्हटलं, तो आपल्या मजल्याचा, उतरायचा.”

तोवर आजी परतल्या; मागोमाग सफाईवालीही चादरी गोळा करायला आली. तिने दोन म्हाताऱ्यांकडे आणि उघड्या आरशाकडे पाहिलं. “कड्या मीच काढल्या, पुढच्या फेरीसाठी. मोठं कुटुंब आलं की दोन खोल्या एक करायला हे मधलं दार असतं. तुम्हाला सांगितलं ना आजोबा, बंद असतं म्हणून?”

“दार?” आजोबा आरशाच्या कडेला बोट लावून म्हणाले. बिजागऱ्या होत्या. चांगल्या ठसठशीत, पितळी.

“यांचा सगळा जन्म दारं उघडण्यात गेला हो,” आजी कंपाउंडरांना म्हणाल्या. त्यांचा आवाज सरळ होता, म्हणूनच जास्त लागला.

पॅन्ट कोणाकडेच मिळाली नाही. शेवटी आजोबांनी बुडताना घालायचं नारिंगी जाकीट बंडीवर चढवलं, कमरेला टॉवेल पक्का खोचला आणि तसेच धक्क्यावर उतरले. धुकं विरलं होतं. नेमकं त्याच दिवशी विरायचं होतं. सगळं जहाज वरपासून खालपर्यंत लख्ख दिसत होतं, कठड्यावर ओळीने उभी राहिलेली माणसं दिसत होती, आणि त्या माणसांना आजोबा दिसत होते.

कंपाउंडरांचा मुलगा न्यायला आला होता. जाताना त्यांनी आजोबांचा हात हातात घेतला. एवढ्या दिवसांनी भेटलेला शेजारी; आजोबांना भरून आलं आणि सवयीने तोंडातून गेलंच, “बरं, येतो हं.”

कंपाउंडर दचकून दोन पावलं मागे सरले. मग मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, “या. पण या वेळी खरंच या, दाराने या, आणि पॅन्ट घालून या.”