शिवेवरच्या चाळीस माणसांची बखर

श्रीजगदंबा समर्थ. जिने राज्ये दिली, तिनेच ती राखण्याची बुद्धीही द्यावी. शके सत्राशे, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी तीन राज्यांमध्ये अफूविषयी जो तह जाहला, त्याची हकीकत स्वामींनी पुसली, ती जैसी पाहिली ऐकिली तैसी लिहितो. पदरची भर घातलेली नाही, घातली असेल ती थोडकी.

राज्ये तीन, एक आमचे, एक पूर्वेचे आणि एक पश्चिमेचे, आणि तिन्हींच्या शिवा एका काळ्या धोंड्यापाशी मिळत. अफू तिन्ही मुलुखांत शिरली. ती कोठून निघते हे पूर्वेस ठाऊक, कोणत्या घाटाने येते हे पश्चिमेस, आणि कोणाच्या वखारीत उतरते हे आमच्यांस. परंतु एकमेकांस सांगणे म्हणजे कमीपणा, म्हणोन तिघेही मूग गिळून बसले. मग तिन्ही दरबारांनी एकच तोड काढिली, ती ऐसी की, जो अफूबाज सापडेल त्यास कपाळी कुंकू लावावे, हाती भाकरी-चटणीची शिदोरी द्यावी, ताशा वाजवीत शिवेपार सोडावे आणि राज्य निर्मळ जाहले म्हणोन देवीस नैवेद्य करावा. ऐशा रीतीने तिन्ही राज्ये वर्षातून चार चार वेळा निर्मळ होऊ लागली.

आमच्या शिवेवर सटवाजी गायखे हवालदार होते. मनुष्य सरळ, हुकमाचा बंदा. माणसे पोचवीत आणि मागे वळून न पाहत. पुढे त्या माणसांत त्यांचा पाठचा भाऊ मानाजी सापडला. हवालदारांनी आपल्या हाताने कुंकू लाविले, शिदोरीत एक भाकर अधिक बांधिली आणि भाऊ शिवेपार केला. मग पूर्वेने त्यास पश्चिमेत लोटिले, पश्चिमेने आमच्यांत लोटिले, आणि हवालदारांनी त्यास पुन्हा पोचविले. तिसऱ्या खेपेस मानाजी धोंड्यापाशीच कोसळला. अफू तुटलेली, पोटात पाणी ठरेना, अंग लटलट कापे. पूर्वेचे वैद्य दाजीशास्त्री तेथून जात होते, त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "हवालदार, अफू एकदम तुटली, आता हा चार दिवस काढायचा नाही. रोज देऊन रोज थोडी कमी करीत नेली तर वाचेल. पण अफू देणाऱ्याचा हात तोडावा, असा तिन्ही दरबारांचा कायदा. आणि हा पडला आहे तो कोणाच्या राज्यात, तेही कोणी सांगेना." हवालदारांचे काळीज तुटले. दोन वेळा भावास आपणच पोचविले याची लाज वाटली, आणि ती त्यांनी कोणापासून लपविली नाही.

दैवयोगे दुसरेच दिवशी तिन्ही राज्यांचे कारभारी तेथे भेटीस आले. डेरा दिला, जो तो आपापल्या भूमीवर बसला, मध्ये विड्यांचे तबक ठेविले. पूर्वेचे कारभारी बोलिले की, आम्ही यंदा चाळीस अफूबाज काढिले. पश्चिमेचे बोलिले, आम्हीही चाळीस. आमचे दिवाण केसोपंत मिशांस पीळ देऊन बोलिले, आम्हीही तितकेच. आणि तिघांनी एकमेकांची तारीफ केली. तेव्हा पहाऱ्यावरून सटवाजी पुढे जाहले, मुजरा केला आणि म्हणाले, "सरकार, गुन्हा माफ व्हावा. येकशे वीस न्हाईत, समदी मिळून चाळीसच मानसं हाईत. आमी तिकडं सोडायची, त्यांनी पल्याड ढकलायची, अन् ती फिरून आमच्याच दारात. म्या स्वता पोचवलीत. माझा भाऊबी त्यातलाच."

दिवाण कोपले आणि म्हणाले, "हवालदार, कोणासमोर बोलता?"

सटवाजी म्हणाले, "ज्यांनी त्याला काढला त्यांच्याच म्होरं बोलतोय. त्यात मीबी हाय." आणि मानाजीस घोंगडीवर घालून आत आणविले. पूर्वेच्या कारभाऱ्यांनी पाहिले मात्र, तोंड उतरले. यास कुंकू त्यांनी जातीने लाविले होते. पश्चिमेच्यांनीही ओळखिले. मग सटवाजी म्हणाले, "हात तोडायचा तर माझा तोडा. पर वैद्यबुवांस्नी औषिद देऊ द्या."

केसोपंत अभिमानी खरे, परंतु दगड नव्हेत. मानाजीकडे वळून बोलिले, "आपण तिघांनी माणसे फिरविली, अफू मात्र होती तेथेच राहिली." मग पूर्वेने अफू निघते ते गाव सांगितले, आणि पश्चिमेने घाट सांगितला, आणि आमच्यांनी वखारीचे नाव सांगितले, आणि महिन्याचे आत सत्तर पेटारे धरिले. आणि ठरले ऐसे की, व्यसनी तो रोगी समजावा, जेथे सापडेल तेथेच त्यास वैद्य मिळावा, आणि वैद्याचे वाटेस कोणी जाऊ नये. तिघांनी विडे उचलिले, आणि त्याच बैठकीत शास्त्रीबुवांनी पहिली मात्रा मानाजीच्या जिभेवर ठेविली.

सारांश, चाळीसांपैकी सहा वारले. जे ज्या राज्यात वारले, त्या राज्याने त्यांस आपले म्हणोन अग्नी दिला. बाकीचे सावरले, दोघे पुन्हा घसरले, त्यांस पुन्हा सांभाळिले. मानाजी दीड महिन्याने आपल्या पायांनी घरी आला. दरबाराने सटवाजींस सोन्याचे कडे देऊ केले, तेव्हा ते म्हणाले, "कडं नगं सरकार. शिवेवर येक झोपडी बांधा अन् वैद्य बसवा. कोन कुठल्या राज्याचा, ते बरं झाल्यावर इचारू." झोपडी बांधिली. इतकी ही हकीकत.