न दिसलेलं वाजवायचं न्हाई

एक शिट्टी मी वाजवायला नको होती. ती वाजवली, आणि वर खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, कारण सोनकांबळे सरांच्या गोष्टी सांगायला लागलो की ऐकणारे हसतात, आणि मग माझी गोष्ट सांगायची राहून जाते. सर आहेतच तसे. पण त्यांच्या हसण्यासारख्या गोष्टींमागे मी बरीच वर्षं लपलो.

सोनकांबळे सर लातूरच्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक होते आणि बास्केटबॉलचे पंच. सामन्यात एखाद्या पोराचे पाच फाऊल होऊन तो बाहेर गेला, की त्याच संध्याकाळी सर सायकलवर त्याच्या घरी जात. रागवायला नाही, नियम समजावून सांगायला. आणि पोराला नाही, त्याच्या आईला.

"ताई, एक तांब्या, एक पेला आन एक वाटी द्या," असं म्हणून ते जमिनीवर मांडी घालून बसत. "हा तांब्या म्हंजे तुमचं लेकरू. हा पेला म्हंजे समोरच्या शाळेचं लेकरू. वाटी म्हंजे चेंडू. आता बघा."

"सर, आमचं लेकरू तांब्याएवढं जाड हाय का?"

"बरं, मग तुमचं पेला. तांब्या त्यांचा."

काही घरांत त्यांना आत बसवत, काही घरांत ओसरीवरच. सर दोन्हीकडे नियम तोच सांगत.

एकदा गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत्याच्या पोराला सरांनी बाहेर काढलं. संध्याकाळी सर दुकानात हजर. आडत्या ऐकेना. "माझं पोरगं कोणाला धक्का मारायचंच न्हाई. गरीब गाय हाय ते." सरांनी त्याला उभं केलं, हात वर करायला लावले, दोन पावलं मागं गेले आणि खांद्यानं असा काही रेटा दिला, की आडत्या मागच्या तुरीच्या पोत्यांवर जाऊन बसला. हमाल काम सोडून बघायला लागले.

"धक्का लागला का?"

"लागला की हो!"

"नफा कोणाला झाला?"

आडत्याला पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या भाषेत विचारलं होतं. त्यानं विचार केला. "तुम्हाला. तुमची वाट मोकळी झाली."

"मग फाऊल कोणाचा?"

"तुमचा."

"बस. तुमच्या पोराचा असाच होता."

"नफा कोणाला झाला?" हे सरांचं पालुपद होतं. मी तेव्हा पंचाची परीक्षा नुकताच पास झालो होतो. नियमांचं पुस्तक पाठ होतं. कोणाचा हात कोणाला लागला, की माझी शिट्टी. माझ्या पहिल्या सामन्यात पोरं खेळली कमी आणि उभी जास्त राहिली. सरांनी मला बाजूला घेतलं. "अरे बाबा, खेळ हाय का रेल्वेचं फाटक? घडीघडीला बंद! दहा पोरं एवढ्याशा जागेत पळणार, धक्का लागणारच. लागला, कबूल. पण त्यातून कोणाला काय मिळालं ते बघ. काय न्हाई मिळालं, तर खेळू दे."

दुसरं एक सांगणं होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "न दिसलेलं वाजवायचं न्हाई. पब्लिक वरडलं म्हणून न्हाई, पोरगं पडलं म्हणून न्हाई. दिसलं तर वाजव. न्हाई दिसलं तर गप ऱ्हा. लोक आंधळा म्हणतील. म्हणू दे."

मी मान डोलवायचो.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. तोवर आमच्या पोरांना जिल्ह्याचे सामने खेळायला उस्मानाबादला जावं लागे, आणि आमच्या पंचांना तिथं गुणफलकावरचे आकडे बदलायचं काम मिळे. आता सगळं आपलं होतं. नवे साहेब आले, नव्या पाट्या लागल्या, नवे शिक्के आले, पंचांची नवी समिती झाली. पाणी तेवढं आलं नाही. त्या वर्षीही पाऊस रुसला आणि गल्लीगल्लीत टँकर फिरायला लागले.

टँकरच्या रांगेत रोज भांडणं. एके दिवशी सरांच्या गल्लीतल्या बायांनी त्यांनाच म्हटलं, "सर, पोरांची भांडणं मिटवता, तर आमची मिटवा की." सर दुसऱ्या दिवसापासून शिट्टी घेऊन टँकरपाशी उभे. तोटीखाली उगाच रेंगाळणारीला शिट्टी, मध्ये घुसणारीला शिट्टी. एकीचा धक्का दुसरीला लागला, तर सर म्हणायचे, "लागला, कबूल. पण तिचा नंबर पुढं गेला न्हाई. चालू द्या."

"चालू द्या काय, सर? माझी घागर लवंडली!"

"अरे हो. मग फाऊल. ह्यांना पहिली घागर."

बायांनी शिव्या दिल्या, पण रांग टिकली. सर नसले त्या दिवशी मात्र हटकून कोणाच्या तरी झिंज्या कोणाच्या तरी हातात असत.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर नव्या जिल्ह्याची शालेय स्पर्धा झाली. मुलींचा अंतिम सामना आमच्या लातूरची एक शाळा आणि उदगीरची एक शाळा यांच्यात. जिंकणारा संघ औरंगाबादला विभागीय स्पर्धेला जाणार. रेफरी सोनकांबळे सर, आणि दुसरा पंच, म्हणजे अंपायर, मी.

मैदान मातीचं. एरवी पाणी मारून, रूळ फिरवून, मग चुन्याच्या फक्कीच्या रेघा ओढायच्या. त्या वर्षी पाणी मारायचं कोणी नाव काढलं नाही. मुली पळायला लागल्या की धूळ गुडघ्यापर्यंत उठायची आणि रेघा बुटांना लागून निघून जायच्या. मैदानाच्या एका बाजूची भिंत पडकी होती आणि तिच्यापलीकडे गल्ली. सरांची गल्ली तीच, माझीही तीच.

शेवटचे काही क्षण उरले होते. लातूर एका गुणानं पुढे. उदगीरची कॅप्टन मंगल बिराजदार, डावखुरी, चिवट पोरगी, चेंडू घेऊन आत घुसली. आणि नेमका तेव्हाच गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. भिंतीपलीकडे एकच गलका उठला. अर्धं पब्लिक उठून पळालं. माझी आई घागरी घेऊन रांगेत होती. मी तिकडे बघितलं.

क्षणभरच. परत बघितलं तेव्हा मंगल हवेत होती, खाली धूळ होती, आणि चेंडू रिंगमधून खाली येत होता. लातूरची पोरं ओरडली, "स्टेप्स! स्टेप्स!" म्हणजे तिनं चेंडू हातात धरून जास्तीची पावलं टाकली. आणि माझ्या हातून शिट्टी वाजली. दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून मी खूणही केली. बास्केट रद्द. सामना लातूरचा.

उदगीरच्या संघाचे शिक्षक धावत सरांकडे गेले. "सर, रेफरी तुम्ही. तुम्ही सांगा."

नियम असा, की एका पंचानं दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाला रद्द करता येत नाही. तो देणाऱ्यानंच मागे घ्यायचा. सर माझ्याजवळ आले. अगदी जवळ. हळूच विचारलं, "दिसलं का?"

मला वाटलं, यांनी मला टँकरकडे बघताना पकडलं. आता कबूल करावं, तर एवढ्या लोकांसमोर अब्रू जाणार. मी म्हणालो, "हाव सर. दिसलं."

सर वळले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अंपायरला दिसलंय. निर्णय कायम."

शिव्या सगळ्या त्यांना पडल्या. रेफरी ते, लातूरचे ते, नाव त्यांचं. उदगीरकरांनी तक्रार केली. समिती नवी होती, तिला सुरुवातीलाच कटकट नको होती. तिनं सरांना पंचगिरीतून काढून टेबलावर घड्याळ धरायला बसवलं. पुढच्या वर्षी रेफरी कोण? मी. सर टेबलावरून माझ्याकडे बघून घड्याळ चालू करायचे, बंद करायचे. एका शब्दानं कधी काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला शिव्यांपेक्षा जड जायचं. पुढे मला नांदेडच्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा सुटलो असं वाटलं. सुटलो नव्हतो. दर सामन्यात, शिट्टी तोंडात धरली की कोणीतरी कानाशी विचारायचं, दिसलं का?

अशीच वर्षं गेली. माझे केस पिकले.

गेल्या वर्षी नांदेडला एका शालेय सामन्यात मी एका मुलीला पाचव्या फाऊलवर बाहेर काढलं. सामना संपल्यावर एक बाई आल्या. "सर, पाचवा फाऊल कशाचा होता ते घरी येऊन सांगायचं असतं. तांब्या-पेला काढून ठेवू का?"

मी त्यांचा चेहरा निरखून बघितला.

"ओळखलं न्हाई? मंगल बिराजदार. उदगीर. ती माझी लेक."

तिथंच मैदानाच्या कट्ट्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. टँकर, आई, घागरी, सरांना दिलेलं खोटं उत्तर. हात जोडले. ती म्हणाली, "महिनाभर रडले होते मी, सर. सांगते खरं ते. पण स्टेप्स झाल्या होत्या का न्हाई, मला तरी कुठं माहीत? त्या धुळीत माझे मलाच पाय दिसत नव्हते."

"पण तांब्या-पेला तुम्हाला कसा ठाऊक? तुमचे पाच फाऊल झाले नव्हते."

"सोनकांबळे सर दुसऱ्याच दिवशी एसटीनं उदगीरला आले होते की. आमच्या घरी. बाबा दारातच चिडले. सर म्हणाले, 'तुम्ही रागवा, मी ऐकतो. मग एक तांब्या द्या.' सगळं मांडून दाखवलं. आईनं शेवटी ताट वाढलं. 'बर्री सर, ऊट माड्री,' म्हणाली आमच्या कानडीत, म्हंजे या सर, जेवा. तेव्हापासून सर वर्षातून दोनदा तरी येत राहिले. नियम कुठला न कुठला घेऊन यायचे. आमच्या आईला बास्केटबॉलचे सगळे नियम पाठ हायत, सर! तिनं रिंग काही बघितली न्हाई कधी."

ती हसली. मग म्हणाली, "आई म्हणायची, ह्या माणसाला नियम सांगायचा नसतो गं. ह्याला घरात बसायचं असतं. बायको लवकर गेली, लेकरू न्हाई. घरी जाऊन बोलणार कोणाशी?"

सर विधुर आहेत हे मला माहीत होतं. आमच्याच गल्लीत राहायचे. पण त्यांची सायकल संध्याकाळी इतक्या घरांच्या भिंतींना का टेकलेली असते, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी तो नियमांचा छंद समजत होतो.

"तुम्ही माझी माफी मागितली, झालं," मंगल म्हणाली. "आता त्यांच्याकडं जा."

सर निवृत्त होऊन औशाला, आपल्या गावी राहतात. रविवारी एसटी धरून गेलो. दार उघडंच होतं. "ये, ये," म्हणाले, जसा मी कालच येऊन गेलो होतो. स्वतः चहा टाकला. दोन कप करायची सवय नसावी; एक भरला, दुसऱ्यात अर्धाच उरला. भरलेला त्यांनी मला दिला. आणि बोलायला लागले. "आता म्हणे तीन पंच ठेवतात मोठ्या सामन्याला. तीन! चैन हाय. आपल्याला दोघांतच भागवावं लागायचं."

एवढा वेळ जुळवून ठेवलेली वाक्यं मी विसरलो. "सर, मंगलच्या स्टेप्स मला दिसल्या नव्हत्या. मी टँकरकडं बघत होतो."

सरांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं.

"तू बी?"

मला कळेना. "म्हणजे?"

"अरे, मी बी तिकडंच बघत होतो! हॉर्न वाजला, बाया वरडल्या, आन मी इकडं. म्हटलं, आता रांग मोडणार. म्हाताऱ्यांना कोण बघणार? दोन्हीकडचा पंच मीच. डोळे दोनच. इकडं वळलो तर तुझी शिट्टी वाजून गेलेली."

"मग मला विचारलंत ते? 'दिसलं का' म्हणून? मला वाटलं, तुम्ही मला पकडलंत!"

"पकडायला मला काय दिसलं होतं? खरंच विचारलं होतं, बाबा. तू हाव म्हणालास, तेव्हा जीव भांड्यात पडला माझा. म्हटलं, दोघांतल्या एकाला तरी दिसलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "समितीनं मला टेबलावर बसवलं, ते बरोबरच केलं. रेफरीची नजर हलली होती. कोणाला सांगायचं धाडस झालं न्हाई तेवढं. मंगलच्या घरी सांगावं म्हणून जायचो, आन दुसराच नियम सांगून यायचो."

मला हसू फुटलं. तो सामना आठवून हसू यायची ही पहिलीच वेळ. सरही हसायला लागले. हसता हसता त्यांचा चष्मा ओला झाला, तो त्यांनी धोतराच्या टोकाला पुसला, आणि एकदम गंभीर झाले. हात जोडायला लागले.

"माझंच चुकलं रे. तू नवा होतास. मी सगळं तुझ्या अंगावर ढकललं. मला तू माफ..."

मी त्यांचे दोन्ही हात धरून खाली केले.

"थांबा सर. तुमचं नंतर. तुम्ही नुसतं विचारलंत, खोटं मी बोललो. मला दिसलं नव्हतं आणि मी हाव म्हणालो. तुमची शिट्टी गेली आणि ती मी एवढी वर्षं वाजवली. मला माफ करा."