सिंहमहाराजांचा स्वेटर

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे जिथे अजून एकाही बंगल्याची स्कीम आली नव्हती अशा जंगलात, साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहत होती. तिला लोकरीचं भारी वेड.

धनगरांची मेंढरं जंगलातून गेली की बोरीबाभळीच्या काट्यांना लोकर अडकून राहायची. साळूबाई ती वेचायची, पिंजायची, कातायची, पानाफुलांत उकळून रंगवायची आणि गुंडे करून बिळात रचायची. शेवटी बिळात तिलाच जागा उरली नाही. ती दारात झोपू लागली.

"एवढ्या लोकरीचं करणार काय गं?" शेजारची घोरपड विचारायची.

"विणणार की!"

विणायच्या सुया तर तिच्या पाठीवरच होत्या. रोज नवं काहीतरी सुरू व्हायचं, पुरं मात्र एकही होत नव्हतं. आणि झालं असतं तरी अंगभर काटे असलेल्या बाईनं स्वेटर घालायचा कसा? हा प्रश्न तिला कधी पडला नाही. शहाणी होती.

तिचा खरा जीव एका मोरपंखी गुंड्यात. तो रंग एकदा चुकून जमला होता, पुन्हा काही जमेना. रोज सकाळी ती तो गुंडा गालाला लावायची, हसायची आणि परत ठेवून द्यायची. एवढंच. पण काय सुख होतं त्यात, म्हणून सांगू!

मग थंडी पडली आणि सिंहमहाराजांना सर्दी झाली. प्रधान तरस साळूबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"संक्रांतीपर्यंत महाराजांना स्वेटर पाहिजे. नाहीतर तू महाराजांच्या ताटात आणि तुझी सगळी लोकर जप्त."

"ताटाचं बघू हो," साळूबाई रडकुंडीला आली, "पण लोकर जप्त?"

सगळे गुंडे टोपलीत भरून ती गुहेत गेली. मोरपंखी तेवढा तळाशी दडवला. समोर महाराजांची ही एवढी आयाळ. यावरून स्वेटरचा गळा घालायचा कसा? तिला दरदरून घाम फुटला.

"आधी रंग निवडा, महाराज," ती वेळ मारून न्यायला म्हणाली.

महाराजांनी आंबा रंग घेतला, ठेवला. वांगी रंग घेतला, तोही ठेवला. मग एक गुंडा पंजात दाबून बघितला. पुन्हा दाबला.

"हे... बरं वाटतं गं हातात," महाराज हळूच म्हणाले.

साळूबाईनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिची भीती पळाली. ही नजर तिच्या ओळखीची होती. तिनं पाठीवरचे दोन काटे उपटले आणि म्हणाली, "बसा इथे. एक सुलट, एक उलट."

झालं! महाराज बसले ते बसलेच.

"अहो, उठा! हरीण आलंय!" राणीसाहेब ओरडायच्या.

"एवढी ओळ होऊ दे."

पहिला पंजा महाराजांनीच मारायचा, असा राजघराण्याचा रिवाज. त्यामुळे राणीसाहेब नुसत्या बघत बसायच्या. हरीण चरायचं, पाणी प्यायचं, पोराबाळांना बोलावून आणायचं. राणीसाहेब उंदरांवर दिवस काढू लागल्या.

संक्रांत आली. तरसानं विचारलं, "महाराज, स्वेटर?"

"घाई कसली मेल्या? आधी लोकर तर जमू दे!"

महाराज आता स्वतःच बोरीबाभळी धुंडाळायचे. गुंडे हाडांच्या ढिगामागे लपवायचे. एकदा राणीसाहेबांनी पकडलं.

"ही नवीन कुठली?"

"नवीन कसली? जुनीच आहे. तुझंच लक्ष नसतं."

अशी सगळी मजा चालली असताना एके दिवशी टोपलीत रंग शोधता शोधता महाराजांचा पंजा तळाशी गेला. मोरपंखी गुंडा वर आला.

साळूबाईनं टोपली मागे ओढली, पण उशीर झाला होता. कितीही झालं तरी राजा तो. आवडलं की घेतलं, हीच त्याची रीत.

महाराजांनी गुंडा गालाला लावला. डोळे मिटले. मग त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

"घे बाई, जपून ठेव. असल्या लोकरीचं काही विणायचं नसतं."

साळूबाईला रडूच फुटलं. महाराज जोरात शिंकले आणि पुन्हा ओळ मोजायला लागले.

तात्पर्य: बाळांनो, हाती घेतलेलं काम कधीही तडीस नेऊ नये. स्वेटर पुरा झाला असता तर महाराजांची सर्दी गेली असती आणि त्यांना पुन्हा कडकडून भूक लागली असती.