एक कुटुंब, एक संडास

माणूस कुठं बसतो यावरून त्याचं कुटुंब ओळखावं, हे सत्य आमच्या गावाला फार उशिरा कळलं. त्याआधी आम्ही अडाणी लोक असं धरून चालायचो, की जे एका ताटातली न्सिमा तोडतात ते एका घरचे. मक्याच्या पिठाचा गरम गोळा मधे, सगळ्यांचे हात भोवती, आणि ज्याचा हात ताटात नाही तो परका. एवढ्या तुटपुंज्या ज्ञानावर आमचे आजे-पणजे जगले आणि मेले. (कशानं मेले विचारू नका. बहुतेक पोटानंच.)

मग कार्यक्रम आला. त्याचं पुरं नाव ‘ग्रामीण कुटुंब आरोग्य व सर्वांगीण सुस्थिती शिक्षण कार्यक्रम’. एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला निरोगी समजायला हरकत नाही. कार्यक्रम उत्तम आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण मी त्याच्या समितीत आहे. समितीत मला घेतलं ते माझ्या घरी पाठ टेकायचा बाक आहे म्हणून. कार्यक्रमाच्या चिम्बोता मॅडम जिल्ह्याहून मोटरसायकलवर मागं बसून येतात, आणि त्या रस्त्यानं आल्यावर माणसाला पाठ टेकायला काहीतरी लागतंच.

निरोगी कुटुंबाची लक्षणं मॅडमनी आम्हाला गाण्यातून शिकवली. संडास, त्यावर झाकण. बाहेर दोरीला टांगलेला पाण्याचा डबा, खालची काठी पायानं दाबली की डबा वाकतो आणि हात धुतले जातात. (पाणी ओढ्याचं. बोअरचा दांडा मोडलाय, पण दांड्याचं शिक्षण दुसऱ्या कार्यक्रमाकडं आहे.) भांडी वाळवायला मांडव. केरकचऱ्याला खड्डा. रोज सहा प्रकारचं अन्न. आमच्याकडं दोनच प्रकार होते, ‘आहे’ आणि ‘नाही’, पण गाण्यात सहाच बसत होते. बायका ते गाणं इतकं झकास म्हणायच्या की नाचून घामाघूम व्हायच्या, आणि हात लुगड्याला पुसून मंदासी खायला बसायच्या. मंदासी, म्हणजे तळलेले गोळे, कार्यक्रम द्यायचा. मॅडमच्या अहवालात गावाची जागृती एकशे चार टक्के निघाली. वरचे चार टक्के शेजारच्या गावाचे. वासानं आले होते.

तर नियम असा होता: एक कुटुंब, एक संडास. प्रत्येक कुटुंबाला भोक पाडलेली सिमेंटची एक फरशी फुकट. गावात फरशीशिवायचा एकही खड्डा दिसला नाही, की गावाला पांढरं निशाण. निशाण मिळालेल्या गावाचा पुढच्या कार्यक्रमात पहिला नंबर. पुढचा कार्यक्रम कसला ते ठरायचं होतं.

आता एझेलिनाबाईचं घर.

आमच्यात लग्न झालं की पोरगा बायकोच्या गावी येऊन राहतो. घर बायकोचं, शेत बायकोच्या आईचं, पोरं बायकोच्या कुळाची, आणि हुकूम बायकोच्या मामाचा. जावयानं राबायचं. मामाचं मन उतरलं, की मामा जावयाची चटई गुंडाळून त्याच्या काखेत देतो. ‘चालता हो’ वगैरे काही बोलत नाही. काखेत चटई घेऊन चाललेला माणूस रस्त्यात दिसला, की आपण तिसरीकडं बघायचं.

एझेलिनाबाईची लेक म्वान्दिदा, तिचा नवरा सिकुसिंजा. सरोवराकडचा पोरगा, अंगानं दणकट, तोंडानं कमी. म्वान्दिदाला दिवस गेलेले. सगळं बरं चाललं होतं, कारण सासू आणि जावई एकमेकांना बघत नव्हते. आमच्यात बघायचंच नसतं. वाटेत समोरासमोर आले तर एकानं झाडीत शिरायचं. बोलायचं झालं तर मधे कुणीतरी लागतं, कुणी नसलं तर कोंबडीसुद्धा चालते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, सासू कुठं जाऊन आली हे जावयाला कळता कामा नये. जावयाच्या हिशेबी सासू कधी जातच नाही. सासूच्या हिशेबी जावई जात नाही. दोघंही देवदूत. म्हणून ती पूर्वेच्या झुडपांकडं जायची, हा पश्चिमेच्या. कार्यक्रमानं पूर्व आणि पश्चिम एका भोकात आणली.

सिकुसिंजानं खड्डा खणला तो बघण्यासारखा. भिंती सारवलेल्या, वर गवताचं छप्पर, दाराला पोत्याचा पडदा. मॅडमनी फोटो काढला. फोटोत संडास एकटाच आहे, कारण त्यात जायला कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एझेलिनाबाई अंगणात मका निवडत होती. सिकुसिंजा कुंपणापलीकडं पाठ करून उभा होता. मधे एक तांबडी कोंबडी.

“ए कोंबडे,” एझेलिनाबाई म्हणाली, “ज्यानं खणलाय त्याला सांग, खड्डा चांगला झालाय. आता त्यात भुईमूग साठवा म्हणावं.”

“कोंबडे,” सिकुसिंजा म्हणाला, “घरातल्या मोठ्या माणसांना सांग, तो त्यांच्यासाठीच आहे. मी तिकडं जात नाही.”

“मग कोंबडे, ते कुठं जातात?”

“मी जातच नाही.”

“हां,” एझेलिनाबाई म्हणाली. “मी पण नाही.”

म्वान्दिदा दारातून म्हणाली, “मग माझ्या एकटीसाठी एवढं छप्पर घातलं होय?”

असं किती दिवस चालणार? पावसाळा आला. झुडपांत गवत वाढलं, साप निघाले, आणि एझेलिनाबाईचा गुडघा धरला. एका भल्या सकाळी, पाऊस भुरभुरत असताना, ती पोत्याच्या पडद्याआड गेली. तेवढ्यात सिकुसिंजाही आला. माणूस शिकलेला होता. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं बाहेर उभं राहून तो खोकला. आतून उत्तरादाखल खोकला आला. आणि त्यानं तो खोकला ओळखला.

लोक सांगतात की तो जो पळाला तो मक्यातून सरळ ओढ्यापर्यंत गेला. एझेलिनाबाई दुपारपर्यंत बाहेर आलीच नाही. म्वान्दिदा दोन्हीकडं न्सिमा पोचवत होती.

संध्याकाळी लामेकमामा आला. लामेकमामा म्हणजे एझेलिनाबाईचा थोरला भाऊ, म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द. त्यानं सिकुसिंजाची चटई भिंतीवरून काढली आणि गुडघ्यावर ठेवली. गुंडाळली नाही. नुसती ठेवली.

“पोरा,” तो म्हणाला, “तू वाईट नाहीस. पण माझ्या बहिणीला आता तोंड दाखवायला जागा नाही. तुझा खड्डा वेगळा कर. नाहीतर ही घे.”

“खणतो, मामा. उद्या खणतो.”

“फरशी?”

फरशी नव्हती. फरशी कुटुंबामागं एक. बिनफरशीचा खड्डा तपासणीत सापडला तर निशाण गेलं, आणि एका घराच्या लाजेपायी साऱ्या गावाचं निशाण घालवायला गावचा मुखिया तयार नव्हता. खड्डा खणला तर गाव त्याला हाकलणार, नाही खणला तर मामा. आरोग्य-शिक्षणाचा इतका खोल परिणाम मी दुसऱ्या कुठल्याच माणसावर झालेला पाहिला नाही.

मॅडम आल्या, माझ्या बाकावर टेकल्या, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाई मायाळू आहे. म्हणाल्या, “मामा, रूढी ही मनातली भीती आहे. संडास सगळ्यांना सारखा.”

“मॅडम,” लामेकमामा म्हणाला, “तुमचे सासरे तुमच्याकडं राहतात?”

“राहतात.”

“त्यांचा खोकला ऐकलाय कधी आतून?”

मॅडमनी पिशवीतून पुस्तिका काढली आणि चाळली. मग म्हणाल्या, “एक करता येईल. कुटुंब म्हणजे काय, तर एक संडास वापरणारी माणसं, असं आमच्या पुस्तिकेत आहे. आपण दोन कुटुंबं दाखवू. फरशाही दोन मिळतील.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. शासनाची ताकद बघा, जे घर तोडायला मामासुद्धा कचरत होता ते मॅडमनी बसल्या बसल्या दोन केलं, आणि तेही ते एक राहावं म्हणून.

“मग म्वान्दिदा कुणाकडं?” मॅडमनी विचारलं.

इथं गाडं चिखलात रुतलं. नियमानं एकटं माणूस कुटुंब होत नाही. म्वान्दिदा नवऱ्याकडं धरली तर एझेलिनाबाई एकटी उरते, आणि एकटी म्हातारी जवळच्या घरात मोजतात. म्हणजे पुन्हा सगळे एका भोकावर. आईकडं धरली तर सिकुसिंजा एकटा; त्याला फरशी नाही, खड्डा नाही, चटई काखेत. सिकुसिंजा कुंपणाला टेकून उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

“तू कुठल्यात जाशील?” मॅडमनी म्वान्दिदाला विचारलं.

“जो जवळ असेल त्यात,” ती म्हणाली. “माझे दिवस बघा, मॅडम. मला सासर-माहेर निवडायला वेळ मिळतो का?”

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. “एक सांगावं लागेल.”

म्वान्दिदानं पोटावर हात ठेवला. “मला आईकडं धरा,” ती म्हणाली. “पोटातलं त्याच्याकडं धरा. म्हणजे दोन्हीकडं दोन-दोन झाले.”

आमच्यात पोर बापाचं नसतं. पोर आईच्या कुळाचं, मामाच्या हाताखालचं. बाप उद्या चटई घेऊन गेला तरी पोर इथंच. सरोवराकडून आलेल्या परक्याच्या नावावर कुळाचं पोर लावायचं, आणि तेही संडासासाठी, हे आजवर कुणी मागितलं नव्हतं.

लामेकमामानं चटईवरून हात फिरवला. बहिणीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

“एझेलिना, तू काय म्हणतेस?”

“मला कोण विचारतंय,” एझेलिनाबाई म्हणाली. मग तांबडी कोंबडी जवळपास नसल्यामुळं तिनं चुलीतल्या लाकडाला सांगितलं, “चांगला खणतो. असं खणणारं पोरगं परत मिळायचं नाही.”

लामेकमामा उठला. चटई त्यानं भिंतीवर परत टांगली.

“लिहा मॅडम, पोर बापाचं,” तो म्हणाला. “आमच्याकडं कागद वाळवी खाते.”

अशा रीतीनं आमच्या जिल्ह्यात एक बाप आणि एक न जन्मलेलं मूल, असं दोन माणसांचं कुटुंब अस्तित्वात आलं आणि त्याला स्वतंत्र संडास मंजूर झाला. मुलाच्या नावापुढं ‘नियमित वापरतो’ अशी खूण आहे. तशी केल्याशिवाय फरशी सुटत नव्हती.

सिकुसिंजानं दुसरा खड्डा पश्चिमेला खणला. तिकडं खडक आहे. पहारीचा आवाज आम्ही सगळे ऐकत होतो, आणि गावातल्या साऱ्या सासवाही ऐकत होत्या. पुढं काय झालं ते ओळखायला शिक्षण लागत नाही. प्रत्येक सासूला वेगळा पाहिजे झाला. मग सासऱ्यांना, सुनेपासून. कुटुंबं फुटली, फरशा आल्या, निशाण फडकलं, आणि मोजणीत आमच्या गावातली कुटुंबं एका पावसाळ्यात दुप्पट झाली. हे आकडे वर गेल्यावर वरचे लोक हबकले. पुढच्या कार्यक्रमात आमचा पहिला नंबर होताच. तो कुटुंबनियोजनाचा आला. त्यांनी सगळ्यात आधी एझेलिनाबाईला बसवून दोन पोरांत अंतर कसं ठेवावं ते समजावलं. ती म्हणाली, “अंतर ठेवलंय की. एक पूर्वेला, एक पश्चिमेला.”

म्वान्दिदाला मुलगा झाला. तो दोन्हीकडं कुठंही जातो, बहुतेक वेळा लामेकमामाच्या मांडीवर. सिकुसिंजा अजून घरातच आहे.

परवा मॅडम आल्या तेव्हा मी विचारलं, “मॅडम, शहरात म्हणे एकाच घरात खोलीखोलीला संडास असतात, आतून कडीचे?”

“असतात,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडंही तीन आहेत.”

“मग तुमची कुटुंबं किती?”

मॅडमनी मंदासी खाली ठेवली आणि मोजायला लागल्या. अजून उत्तर आलेलं नाही. त्यांच्यावर विसंबू नका, तुम्ही तुमची मोजा. कडी लावून आत बसता तेव्हा वेळ असतोच तुम्हाला, फोन हातात असला तरी. आणि मोजताना एवढं आठवा, आम्ही दुसरा खड्डा खणला तो घरातलं माणूस घरात राहावं म्हणून. तुम्ही कशासाठी खणलात, ते तुमच्या पुस्तिकेत असेल.