हिरव्या दिव्यापुरते जयवंतराव

जयवंत खरोटे यांच्या मनगटावरच्या घड्याळातला हिरवा दिवा विझलेला असला, की जयवंत खरोटे नसत. दिवा लागला की असत.

घड्याळ नाडी मोजणारं होतं. त्याच्या पोटातला दिवा कातडीवर उजेड टाकतो, तो रक्तावरून परत येतो आणि त्यावरून नाडी कळते. जयवंतराव नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत याच दिव्यावर काम करत. सगळी बॅटरी दिवाच खातो, तेव्हा तो कमीत कमी जाळून नाडी कशी मोजायची, हा त्यांचा विषय. त्यांचे थोरले भाऊ झोपेत गेले, त्या रात्री भावाचं घड्याळ चार्जिंगला लावलेलं होतं. त्यानंतर जयवंतरावांना दुसरा विषय सुचला नाही. प्रत्येक नवा दिवा ते आधी स्वतःच्या हातावर बांधत.

सुरुवातीला दिवा इतक्या भरभर लुकलुके, की त्यांच्या बायकोला, निर्मलाला, हॉलमधली ट्यूब फडफडतेय असं वाटलं. तिने माणूस बोलावून स्टार्टर बदलून घेतला. ट्यूब सुधारली. जयवंतराव फडफडतच राहिले.

मग त्यांनी दिव्याची उघडझाप आखूड केली आणि मधला अंधार वाढवला. बॅटरी दुप्पट टिकू लागली. घरात फारसा फरक पडला नाही. चहाचा कप हातात दिला तर खाली पडून फुटे, म्हणून निर्मला तो टेबलावर ठेवू लागली. बोलणं तेवढं तुटक झालं. "आज ऑफिसात देवरे मला..." म्हणून ते जात आणि "...म्हणून म्हटलं, बघू," असं म्हणत परत येत.

"अहो, तुम्ही मध्येच नसता," एकदा ती म्हणाली.

"मला तर सारखा इथेच बसल्यासारखं वाटतं," असं म्हणून ते गेले.

खरा फरक पडला तो नव्या सुधारणेने. आता दिवा उगाच लागणार नव्हता. आधी एक बारीक, मिणमिणता उजेड अधूनमधून नाडीचा कानोसा घेई. नाडी बदललेली आढळली तरच मोठा दिवा पेटे. मिणमिणत्या उजेडात जयवंतराव ऐकण्यापुरते असत, दिसण्याइतके नसत.

चाचणी कशी चाललीय ते बघायला कंपनीतले देवरे घरी आले. त्यांनी रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला आणि समोर बसले.

"आणि माणूस शांत असला तर?" निर्मलाने विचारलं.

"शांत असला तर मोजण्यासारखं काही नसतं, वहिनी."

"घरी आले की पायातले मोजे काढेपर्यंतच दिसतात हो. मग सकाळी ऑफिसची वेळ झाली की."

"ऑफिसात मात्र पूर्ण वेळ असतात," देवरे अभिमानाने म्हणाले. "एक मिनिट विझत नाहीत."

निर्मलाने पोह्यांची बशी त्यांच्या पुढे सरकवली. "ते घड्याळ काढून ठेवलं तर?"

देवऱ्यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. काढलेल्या घड्याळाचा माणूस कुठे असतो, याचं उत्तर कंपनीकडे अजून नाही, आणि तोवर कुणी काढू नये असं ठरलंय, एवढं त्यांनी सांगितलं.

त्यानंतर संध्याकाळी निर्मला खुर्चीशी बोलू लागली. "साहेबांचा फोन आला होता," असं तिने एकदा खोटंच सांगितलं. जयवंतराव लख्ख उजळले. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. काही नाही, मीच गंमत केली, म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि ते विझले. तिने तसं पुन्हा केलं नाही.

तिने त्यांच्या आवडीची शेवभाजी केली, चांगली झणझणीत. खुर्ची रिकामी राहिली. मग तिने लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याची आठवण काढली. अमळनेरला माहेरच्या गच्चीवर दोघं झोपले होते, वारा सुटला आणि तिची ओढणी शेजारच्या निंबावर जाऊन बसली. ती काढायला जयवंतराव बनियनवर झाडावर चढले आणि खाली तिचे वडील येऊन उभे राहिले. ती सांगताना स्वतःच हसली. मग थांबली आणि खुर्चीकडे बघत राहिली. दिवा लागला नाही.

तिने उठून ताटं झाकली.

रविवारी दुपारी तिने बॅग भरली. खुर्चीसमोर उभी राहून म्हणाली, "मी दादाकडे जातेय, अमळनेरला. परत कधी ते ठरवलेलं नाही. भाजी फ्रिजमध्ये आहे." मग दार ओढून घेतलं आणि रिक्षा केली.

स्टँडवर गाडी लागलेली होती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारच्या जागेवर तिने बॅग ठेवली. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, तेवढ्यात कुणीतरी पत्रा बडवला आणि गाडी पुन्हा थांबली.

जयवंतराव वर चढले. घामाने निथळत होते, पायात घरातल्या स्लिपर होत्या. हिरवा दिवा एकसारखा जळत होता आणि ते डोक्यापासून पायापर्यंत कुठेही न तुटता दिसत होते. निर्मलाने त्यांना असं सलग कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तिने बॅग मांडीवर घेतली.

"पळत आलात?"

"रिक्षा मिळेना." ते धापा टाकत बसले. "तू बोललीस ते ऐकलं मी. आधी वाटलं, भाजी आहे म्हणजे काळजी नाही. मग दार लागल्याचा आवाज आला."

"आणि निंबाचं सांगितलं तेव्हा?"

"तेव्हाही ऐकलं," ते ओशाळून म्हणाले. "फार बरं वाटलं गं. अगदी शांत वाटलं."

निर्मलाने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. कंडक्टरने तिकिटं विचारली, तेव्हा तिने दोन अमळनेर मागितली.

चांदवड मागे पडेपर्यंत ते बोलत होते. वाऱ्याने त्यांचा घाम वाळला, श्वास खाली बसला. बोलता बोलता एक शब्द गळाला, मग दुसरा. निर्मलाने त्यांचा हात धरला होता, आणि तिच्या मुठीत मधूनमधून काहीच नव्हतं.

"पुढचा स्टॉप कुठला?" जयवंतरावांनी घाईने विचारलं.

"मालेगाव."

"मी उतरून जरा पळतो."

मालेगावला ते उतरले आणि स्लिपर फटफटवत गाडीभोवती पळू लागले. प्रवाशांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. कंडक्टरने हातातली घंटीची दोरी सोडली आणि दारात उभा राहिला.

"अमळनेरपर्यंत असंच का, ताई?"

"हो," निर्मला म्हणाली.

"मग धुळ्यालाही जरा जास्त थांबावं लागेल," तो म्हणाला आणि ड्रायव्हरला सांगायला पुढे गेला.